वळिवड्याची शाळा आणि तिचे गाणे

आपल्या औदार्याची आठवण माणसास जितकी गोड लागते तितकी दुसऱ्याच्या कर्तृत्वाची लागत नाही. जे व्यक्तीचे तेच नगराचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापुरानजीक वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची जी छावणी वसली होती, तिच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते त्याचा बहुतेक भाग कोल्हापूरकरांच्या आदरातिथ्याने व्यापलेला असतो. हे आदरातिथ्य खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाहुण्यांनी आपल्या अंगणात पाच वर्षे राहून काय केले, हा प्रश्न त्या स्तुतीत बुडून जातो. आणि विचार करावयाचा तो याच प्रश्नाचा, कारण त्याचे उत्तर आपल्या शाळांना आजही उपयोगी पडण्यासारखे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९४० व १९४१ या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सोव्हिएट सत्तेने घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तानकडे धाडले. जुलै १९४१ मधील करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तेथून कराचीमार्गे जी कुटुंबे हिंदुस्थानात आली त्यांच्यासाठी १९४३ मध्ये वळिवड्याची वसाहत उभी राहिली. मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या ज्या रेल्वेवर आमचे हातकणंगले आहे, तिच्यावरच रुकडीच्या पुढे ही वसाहत होती. तीत सुमारे पाच हजार माणसे राहिली; बहुतेक स्त्रिया व मुले, कारण धडधाकट पुरुष सैन्यात होते. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना दिलेल्या आश्रयाशी वळिवड्याची नेहमी गल्लत होते. वळिवड्यास जागा व शेजार कोल्हापूरचा होता. खर्चाचा भार मात्र लंडनमध्ये आश्रयास असलेल्या पोलिश सरकारने उचलला होता. ते दयेवर जगणारे लोक नव्हते, हे आरंभीच ध्यानी घेणे बरे.

अशा लोकांनी येथे आल्यावर काय उभारले? बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौले, अशा बराकींत त्यांनी शाळा भरविल्या. बालवर्ग, प्राथमिक शाळा, माध्यमिक शिक्षणाची शाळा, शिवाय धंदेशिक्षणाचे वर्ग. ज्या मुलांची दोन वर्षे उपासमारीत व मजुरीत गेली होती, ती पुन्हा बाकावर बसली. याच काळात जर्मनांच्या ताब्यातील खुद्द पोलंडमध्ये पोलिश मुलांसाठी माध्यमिक शाळा व विद्यापीठे बंद होती आणि शिक्षक घराघरांतून चोरून वर्ग घेत होते. वॉर्सातील शोपँचा पुतळाही जर्मनांनी १९४० मध्ये उद्ध्वस्त केला. म्हणजे जी शाळा वॉर्सात उघडपणे भरू शकत नव्हती ती पंचगंगेच्या खोऱ्यात उघडपणे भरत होती. वळिवड्याच्या विद्यार्थिजीवनाकडे पाहावयाचे ते या पार्श्वभूमीवर.

आता गाण्याकडे वळू. या शाळेत गाणे हा फावल्या वेळचा विषय नव्हता. चर्चमध्ये वृंदगान होते. सणाला येशूजन्माची नाट्ये व पोलिश खेड्यांतील नृत्ये होती. बालवीरांची व वीरबालांची पथके शेकोटीभोवती बसून गात. पुढे धर्मगुरू म्हणून प्रसिद्धीस आलेले झ्जिस्लाव पेश्कोव्स्की यांनी या पथकांच्या शिक्षणास वाहून घेतले होते. यांतील एकही गोष्ट आपल्या समजुतीप्रमाणे ‘मोठे संगीत’ नव्हे. रागदारीच्या काट्यावर तोलू गेल्यास ती उचलली जाणार नाही. युरोपच्या मैफलींच्या काट्यावरही नाही. मग तिचे मोल कशात?

ते समजण्यास पोलंडच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. १७९५ मध्ये तीन शेजाऱ्यांनी तो देश वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हते. आज त्या देशाचे जे राष्ट्रगीत आहे, ते या विभागणीनंतर दोनच वर्षांनी, १७९७ मध्ये, इटलीत लढणाऱ्या पोलिश पलटणींसाठी रचले गेले. राज्य बुडाल्यावर परमुलुखात जन्मलेले गीत राष्ट्राचे गीत व्हावे, यात त्या लोकांचा स्वभाव सापडतो. देश हातून गेला तर तो कंठात ठेवावा, ही विद्या त्यांना सव्वाशे वर्षे शिकावी लागली होती. वळिवड्याच्या शिक्षिकांनी काही नवे शोधून काढले नाही. आजीने नातीला जे दिले असते ते त्यांनी शाळेच्या वेळापत्रकात घातले, इतकेच. कारण पुष्कळ मुलांच्या आज्या वाटेतच राहिल्या होत्या.

यावर कोणी आक्षेप घेईल की असले गाणे माणसाला मागे ओढते. कुंपणाच्या आत आपलेच सूर घोळविणारे मूल भोवतालच्या मुलुखाला परके राहते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. वांदा दिनोव्स्का, ज्यांना गांधीजींनी उमादेवी हे नाव दिले, त्यांनी या मुलांना हिंदी संस्कृतीची ओळख करून देण्यासाठी मनापासून खटपट केली. अशा खटपटीची गरज पडावी, यातच कुंपणाची उंची दिसते. आणि ते कुंपण दोन्ही बाजूंनी होते. अल्लादियाखाँसाहेबांच्या वास्तव्याने आणि देवल क्लबच्या मैफलींनी ज्या कोल्हापूरचा कान घडला, त्याला दोन कोसांवरचे हे वृंदगान ऐकण्याजोगे वाटले असते काय? वाटले नसते, असेच म्हणावे लागते. कारण शाळकरी पोरांनी एकत्र गाण्याला आपण संगीत म्हणतच नाही.

आणि येथेच आपल्या उणिवेशी गाठ पडते. हा मुलूख गाण्यात दरिद्री नाही. बाळकृष्णबुवांच्या नावाला चिकटलेले इचलकरंजी आमच्याच तालुक्यात आहे. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये येथून जवळच्या कुरुंदवाडास जन्मले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, गाण्याला वर्ग, पाठ्यपुस्तक व परीक्षा दिली, आणि समुदायाकडून भजने गाऊन घेतली. त्यांच्यामागे परीक्षा वाढल्या, समुदाय मात्र मागे पडला. गाणे शिकणे म्हणजे एकट्याने बसून एकट्याचा आवाज तयार करणे, असाच अर्थ रूढ झाला. ज्याचा आवाज बरा नाही तो मुलगा या व्यवस्थेत कायमचा श्रोता होतो. आपल्याकडे एकत्र गाणे जगले ते शाळेबाहेर: वारकऱ्यांच्या दिंडीत, गावच्या भजनी मंडळात, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत, आणि बेचाळीसच्या सुमारास प्रभातफेऱ्यांत व १९४१ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलात. त्यात आग होती, पण ती प्रसंगाची आग होती. प्रसंग सरला की विझणारी. शाळेने तिच्यातून निखारा उचलून चुलीत ठेवला नाही. सकाळची प्रार्थना आणि वार्षिक संमेलनाचे स्वागतगीत, येथेच बहुतेक शाळांची मजल संपली.

हे दारिद्र्याचे फळ आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. अमेरिकेतील हायस्कुलांत बँड, वाद्यवृंद व गायकवृंद ही नित्याची गोष्ट आहे. १९२८ मध्ये मिशिगन राज्यात इंटरलॉकेन येथे हायस्कूलच्या वादकांसाठी खास शिबिर निघाले, आणि युद्धकाळात तेथील मुले वर्गात युद्धनिधीची तिकिटे विकत घेत व संध्याकाळी वाद्यांचा सराव करीत. ते श्रीमंतांचे काम, असे आपण म्हणू. परंतु वळिवड्याच्या बराकीत कोणती श्रीमंती होती? तेथील वृंदगानास गळे लागत, एक शिकविणारी बाई लागे, आणि हे काम शाळेचेच आहे अशी श्रद्धा लागे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या पूर्व पोलंडमधून ही माणसे आली होती ते सोव्हिएट हद्दीत गेले. परत जावे असे घर बहुतेकांना उरले नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी दूर देशी पांगली. त्याच बराकींत मग सिंधमधून आलेले निर्वासित राहिले व गांधीनगर वसले. योगायोग असा की, त्यांनाही आपला प्रांत मागे टाकून केवळ भाषा व गाणे बरोबर आणता आले होते. वळिवड्याच्या विद्यार्थ्यांनी वृद्धपणी संघ स्थापून, भारतातील आपल्या वास्तव्याचा इतिहास आधी पोलिशमध्ये व मग इंग्रजीत ग्रंथरूपाने छापला. पांगलेली शाळा साठ वर्षांनंतरही आपणांस शाळा म्हणून ओळखते, असे उदाहरण विरळा.

कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या लोकांचे स्मारक आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभारलेले आहे. दोन्ही स्मारके योग्यच आहेत. पण दगड कृतज्ञता सांगतो, धडा सांगत नाही. धडा इतकाच की, ज्या गोष्टीवाचून आपला समाज समाज राहणार नाही असे वाटते, ती शाळेच्या वेळापत्रकात असली पाहिजे. आठवड्यातून दोन तास सर्व मुलांनी, चांगल्या आवाजाच्या आणि वाईट आवाजाच्याही, मिळून ओव्या, अभंग, पोवाडे गावेत. त्याला परीक्षा नसावी, बक्षीस नसावे. वळिवड्याच्या पाहुण्यांचे ऋण मानावयाचे असेल तर ते हातकणंगल्याच्या एखाद्या शाळेत असे फेडता येईल.