एका खोट्या चिठ्ठीची चिकित्सा

साहित्याच्या मासिकांत पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरील निबंधाचें परीक्षण कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. परंतु पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं १९९९ सालीं ‘आयबिस’ या ब्रिटिश नियतकालिकांत लिहिलेला रानपिंगळ्याविषयींचा निबंध हा पाठचिकित्सेचा उत्तम नमुना आहे; आणि त्याचें खरें मोल ठाणें जिल्ह्यांतील शहापूर-मुरबाडच्या रानांत कळतें.

रानपिंगळ्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनीं १८७३ सालीं केलें. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाहीं. अपवाद एकच: गुजरातेंतील मांडवीस १९१४ सालीं आपण मिळविला, असें कर्नल माइनर्टझागेन यांनीं सांगितलेला नमुना. या चिठ्ठीनें पुढील शोधकांची दिशाभूल केली. लेखकद्वयानें तो नमुना जुन्या पोथीसारखा बारकाईनें तपासला. तो उसवून पुन्हा भरलेला निघाला. मुळांत तो डेव्हिडसन यांनीं खानदेशांत मिळविलेला व ब्रिटिश संग्रहालयांतून चोरीस गेलेला होता. प्रक्षिप्त ओवी गाळतांच मूळ ग्रंथाचा अर्थ लागावा, तसें झालें. मांडवीची नोंद बाजूस सारून रासमुसेन व त्यांचे दोन सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागें गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला!

निबंध खानदेशांत थांबतो. गोष्ट थांबत नाहीं. २०१४ सालीं हाच पक्षी शहापूर तालुक्यांत, तानसा अभयारण्यांत आढळला. ज्या तानसाचें पाणी मुंबई १८९२ पासून पीत आली, त्याच्या कांठच्या रानांत तो होता; आणि तो दिवसाहि वावरणारा! नवीं ठिकाणें सांपडल्यामुळें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें त्यास ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गांतून ‘संकटग्रस्त’ वर्गांत आणलें. पक्षी वाढले असें नव्हे, पाहणें सुधारलें.

येथेंच आमचें एक म्हणणें आहे. निबंधानें नसलेलें ‘आहे’ म्हणणारी चिठ्ठी उघडी पाडली. असलेलें ‘नाहीं’ म्हणणारी चिठ्ठी अधिक घातक असते. रस्ता, धरण किंवा खाण येऊं घातली, कीं ‘येथें दुर्मिळ कांहीं नाहीं’ हें एक वाक्य लिहिणें सोपें असतें. तें कोणीं लिहिलें, कोणत्या ऋतूंत पाहिलें, किती दिवस पाहिलें, हे प्रश्न शहापूरच्या सागवानांत आणि मुरबाडच्या डोंगरउतारावर विचारलेच पाहिजेत. रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलींत घर करतो. ढोली धरण्याइतकें झाड जुनें होण्यास फार वर्षें लागतात. रोपें लावून ती उणीव लगेच भरून येत नाहीं.

माइनर्टझागेन यांची लबाडी उघडकीस आली, कारण ताडून पाहण्यास खरे नमुने कपाटांत शिल्लक होते. तोडलेल्या रानाविषयीं खोटें लिहिलें गेलें, तर तें ताडून पाहण्यास काय शिल्लक राहणार?