बोली कोणाची, कॅमेरा कोणाचा?

जव्हार-मोखाड्याच्या आदिवासींवर शहरातून येणाऱ्या कॅमेऱ्याची फार माया आहे. विषय कुपोषणाचा असो, पाणीटंचाईचा असो की तारप्याचा. चेहरा आदिवासीचा आणि निवेदन प्रमाण मराठीचे, ही वाटणी ठरलेली. म्हणूनच लुकिनो व्हिस्कोंती या इटालियन दिग्दर्शकाचा ‘ला तेर्रा त्रेमा’ (१९४८) मला महत्त्वाचा वाटतो.

व्हिस्कोंती मिलानच्या सरदार घराण्यातला, विचाराने कम्युनिस्ट. सिसिलीतल्या आची त्रेझा गावी जाऊन, एकही व्यावसायिक नट न घेता, तिथल्या कोळ्यांकडूनच त्याने हा चित्रपट उभा केला. प्रसंग सांगायचा आणि अशा वेळी तुम्ही काय बोलाल, हे त्यांनाच विचारायचे; त्यातून संवाद घडले. ती बोली खुद्द इटलीच्या प्रेक्षकाला कळेना, म्हणून निवेदन जोडावे लागले. पुढे कापलेली, प्रमाण इटालियनमध्ये डब केलेली प्रत निघाली. प्रस्थापित भाषेने सूड उगवला तो असा!

कथा आपल्याला परकी नाही. अंतोनी मासळीच्या घाऊक व्यापाऱ्यांविरुद्ध उठतो, घर गहाण टाकून स्वतंत्र धंदा मांडतो. वादळात होडी मोडते, घर जाते. कुचेष्टा सोसत त्याच व्यापाऱ्यांच्या दारी मजुरीला उभे राहावे लागते. मोखाड्याचा कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जातो, खर्चीवर दिवस काढतो आणि पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा अंगावर बाकी घेऊनच परततो.

आता गोविंद निहलानींचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हिंदी ‘आक्रोश’ (१९८०) पाहा. लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ चित्रपटभर गप्प. त्याचे सत्य पांढरपेशा वकील शोधतो. शेवटी फुटतो तो शब्द नव्हे, किंकाळी. चित्रपट प्रामाणिक आहे, ओम पुरींचे मौन जाळत जाते, हे मान्य. पण या मौनात वास्तव किती आणि मध्यमवर्गीय कलेला त्याची बोली ऐकूच न येणे किती, हे समीक्षेने विचारले पाहिजे. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारली, ती किंकाळी फोडून नव्हे. एकत्र येऊन, सभा भरवून, बोलून.

व्हिस्कोंतीलाही मर्यादा आहेच. कोळी बोलले, पण त्यातले काय ठेवायचे हे सरदारपुत्राने ठरवले. दलित आत्मकथनांनी ही मर्यादा ओलांडली. अनुभव, भाषा आणि लेखणी एका हाती आली. पडद्यावर नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त (२०१३) तेच केले, तिथले कैकाडी घर आपल्या भाषेत बोलते. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर बोलणाऱ्यांच्या हाती कॅमेरा आणि कात्री दोन्ही यायला हवीत. तोवर जव्हारवर निघणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला मी करुणेचे प्रमाणपत्र देणार नाही. एवढेच विचारीन, यात बोलतो आहे कोण?