वाचकाचा प्रतिसाद: पहिला कागद आणि दुसरा कागद



नेट-सेटच्या तयारीत 'वाचक-प्रतिसाद सिद्धान्त' आपण साधारण एका पानात उरकतो. रिचर्ड्स, रोझेनब्लाट, इझर, फिश. समोर पुस्तकांची नावं आणि सालं. खाली एक ओळ, 'अर्थ संहितेत नसतो, वाचकात असतो.' परीक्षेपुरतं हे चालून जातं. पण हाच विषय घेऊन पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलात की ही ओळ पहिल्याच प्रश्नाला अडचणीत आणते. समोरचे विचारतात, "अर्थ ज्याचा त्याचा असेल, तर तुम्ही तपासणार काय? आणि वर्गात शिक्षक हवा कशाला?"

हा प्रश्न मला एका वर्गात नीट कळला, तोही माझी चूक झाल्यावर. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एम.ए.च्या वर्गात बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा होती. 1963 साली आलेल्या याच नावाच्या संग्रहातली. रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण परक्या गावात राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. ती उघड झाल्यावर त्याला बेदम मार बसतो आणि काशिनाथ त्याला वाचवतो. मुलांनी कथा वाचून एकेक कागद लिहून दिला. त्यातले दोन कागद सांगते.

एकाने लिहिलं, 'नायकाचा राग आला. त्याने आधीच खरं सांगायला हवं होतं, मग एवढं झालंच नसतं.' दुसरीने लिहिलं, 'खोलीचा भाग वाचताना पुढे जाववेना. आम्ही शहरात राहायला आलो तेव्हा बाबा आडनाव सांगायचं टाळायचे.'

दुसऱ्या कागदावर मी लाल शाईने शेरा मारला: 'वैयक्तिक आठवण. कथेविषयी लिहा.' पहिल्यावर काहीच लिहिलं नाही, कारण तो निदान पात्राबद्दल तरी बोलत होता.

हा शेरा मी आणला कुठून? आय. ए. रिचर्ड्सकडून. केंब्रिजमध्ये रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न देता कविता वाटायचे. आठवडाभर वाचून विद्यार्थी मत लिहून द्यायचे आणि कविता किती वेळा वाचली तेही नोंदवायचे. या कागदांवरून 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक झालं. वाचक कुठे कुठे घसरतो याची दहा अडचणींची यादी त्यात आहे. साधा अर्थच न लागणं, ठरावीक साच्यातला प्रतिसाद देणं, भावविवशता, आणि कवितेशी संबंध नसलेल्या स्वतःच्या आठवणी मध्ये आणणं. मी या शेवटच्या अडचणीचं लेबल उचललं आणि त्या मुलीच्या कागदावर चिकटवलं.

रिचर्ड्सचं काम मोठं आहे यात वाद नाही. वाचक प्रत्यक्षात काय लिहितात हे आधी बघा, मग बोला, ही शिस्त त्यांनी लावली. पण दोन गोष्टी तुमच्या लक्षात असू द्या. पहिली, कवीचं नाव काढून टाकता येतं, वाचकाचं घर काढून टाकता येत नाही. ते कागदावर येणारच. दुसरी, रिचर्ड्स पुढच्या व्याख्यानात या कागदांवर बोलत असत, पण पुस्तकात आपल्याला दिसतो तो पहिला प्रतिसाद आणि त्याचं निदान. तोच वाचक चर्चेनंतर त्याच कवितेकडे परत गेला तेव्हा काय झालं, हे त्यात मिळत नाही. आजार कळतो, पेशंट पुढे बरा झाला का ते कळत नाही.

इथे लुईस रोझेनब्लाट कामाला येतात. 1938 चं 'लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन' आणि 1978 चं 'द रीडर, द टेक्स्ट, द पोएम' ही त्यांची दोन पुस्तकं. त्यांच्या मते कागदावर असते ती संहिता. कविता घडते ती वाचक आणि संहिता यांच्या व्यवहारात. वाचनाच्या दोन वृत्ती त्या सांगतात. 'एफरंट' म्हणजे वाचून झाल्यावर काय घेऊन जायचं यावर लक्ष असलेलं वाचन. औषधाच्या बाटलीवरची सूचना आपण अशी वाचतो. 'इस्थेटिक' म्हणजे वाचताना आपल्यात काय घडतंय यावर लक्ष असलेलं वाचन. आता आपला नेहमीचा प्रश्न आठवा: 'या कथेतून व्यक्त होणारे सामाजिक वास्तव स्पष्ट करा.' म्हणजे कथा औषधाच्या बाटलीसारखी वाचा. आणि मुलं तशीच वाचतात, त्यांचा काय दोष?

गाइडमधून नेमका गळणारा भाग पुढे आहे. सगळे अर्थ सारखेच, असं रोझेनब्लाट म्हणत नाहीत. त्या दोन कसोट्या देतात. संहितेतल्या कुठल्याही भागाने तुमचा अर्थ खोडला जाता कामा नये. आणि ज्याला शब्दांचा आधार नाही, असं काही संहितेवर लादता कामा नये.

पुढच्या तासाला मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: "हे तुम्हाला कथेत नेमकं कुठे वाटलं? ती जागा दाखवा."

पहिला मुलगा बराच वेळ पानं चाळत होता. 'आधीच खरं सांगितलं असतं तर' याचं उत्तर कथेतच आहे. काशिनाथ जात लपवत नाही. मग लोक त्याच्याशी कसे वागतात? ते पुन्हा वाचल्यावर तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे सांगूनही सुटका नव्हतीच." पहिल्या कसोटीवर त्याचं वाचन टिकलं नाही, आणि ते मी नाही, कथेनेच त्याला सांगितलं.

त्या मुलीला मात्र जागा लगेच सापडली. मारहाणीच्या खूप आधीपासून कथेत भीती आहे, हे तिने दाखवलं. मग तिने विचारलं, "मॅडम, शीर्षकात 'लपवली' का नाही? 'चोरली' का?" स्वतःची ओळख न सांगणं ही चोरी कुणाच्या हिशेबाने, हा प्रश्न वर्गात दुसऱ्या कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही. ज्या आठवणीवर मी लाल शाई मारली होती, तीच तिला तिथवर घेऊन गेली होती.

पण लगेच उलट टोकाला जाऊ नका. आठवण आहे म्हणून वाचन आपोआप खरं ठरत नाही. तिलाही जागा दाखवावी लागलीच. आणि कुणालाही 'तुझा अनुभव वर्गाला सांग' म्हणायचं नाही. मी तिचा कागद मोठ्याने वाचला नाही, फक्त कथेतली जागा विचारली. घरचं किती सांगायचं हे तिचं तिने ठरवायचं.

आता शिक्षकाबद्दल. स्टॅनली फिश यांचा किस्सा तुम्ही वाचला असेल. 1971 साली त्यांच्या एका वर्गाच्या फळ्यावर काही भाषाशास्त्रज्ञांची आडनावं राहिली होती. पुढच्या वर्गाला त्यांनी सांगितलं, ही धार्मिक कविता आहे. विद्यार्थ्यांनी त्या नावांतून भराभर धार्मिक प्रतीकं काढून दाखवली. यावरून फिश वाचक-समुदायाचा मुद्दा मांडतात, तो 1980 च्या 'इज देअर अ टेक्स्ट इन धिस क्लास?' मध्ये आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: 'ही कविता आहे' हे शिक्षकाने सांगितलं होतं. वाचण्याआधीचं शिक्षकाचं एक वाक्य किती वजनदार असतं! 'ही विद्रोही कथा आहे' असं सांगून कथा वाटा, सगळ्या कागदांवर 'विद्रोह' येईल. मग तो वाचकांचा प्रतिसाद म्हणून मोजू नका. तो तुमचाच आवाज परत आलेला असतो.

तर आराखडा लिहिताना एवढं करा. चर्चेआधीचा कागद घ्या, चर्चेनंतरचाही घ्या, त्याच वाचकाचा. मधल्या तासात शिक्षक काय बोलले तेही शब्दशः नोंदवा, कारण तोही तुमच्या सामग्रीचाच भाग आहे. लिहिणाऱ्याची संमती घ्या, नावं काढा. मग 'तुम्ही तपासणार काय?' याला उत्तर तयार आहे: पहिल्या कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत वाचक कसा गेला, आणि संहितेतल्या कोणत्या जागेने त्याला नेलं.

सुरुवात स्वतःपासून करा. एखादी कथा वाचा, लगेच दहा ओळी लिहा आणि कागद बाजूला ठेवा. आठवड्याने पुन्हा वाचा, प्रत्येक ओळीसमोर कथेतली जागा लिहा. ज्या ओळीला जागा सापडणार नाही, तिच्यापाशी थोडं थांबा. मी तो शेरा लिहिण्याआधी थांबले नव्हते.