पापलेट, हलवा आणि वर्णनाची भाषा

साम्य दाखविणें सोपें, भेद दाखविणें कठीण. टीकाकाराची खरी परीक्षा या दुसऱ्या कामांत होते. दोन वस्तु दिसण्यांत अगदीं सारख्या असल्या म्हणजे ‘सुंदर’, ‘रुपेरी’, ‘डौलदार’ या विशेषणांचा कांहीं उपयोग होत नाहीं. जें लक्षण एकींत आहे आणि दुसरींत नाहीं तेंच नेमकें सांगावें लागतें. या कसोटीवर घासून पाहण्यासाठीं आज आम्ही एक निराळ्याच प्रकारचा ग्रंथ घेत आहों. फ्रान्सिस डे हे मद्रासच्या वैद्यक खात्यांतील शल्यवैद्य. पुढें ते हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचे इन्स्पेक्टर-जनरल झाले. त्यांचा हिंदुस्थानांतील माशांवरील सचित्र ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळांत भागशः निघाला, आणि त्याच विषयावरील दोन खंड १८८९ सालीं प्रसिद्ध झाले. त्या खंडांत चौदाशेंहून अधिक जातींचें वर्णन आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत माशांच्या पुस्तकाचें काय काम, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, वर्णन हा गद्याचा मूळ धर्म आहे. अणदूरसारख्या घाटावरच्या गांवीं राहणाऱ्या मनुष्याला समुद्रांतला मासा ओळखावयाचा तो बहुधा पुस्तकावरूनच. त्याच्या डोळ्यांपुढें मासा उभा राहिला तर वर्णन साधलें; नाहीं तर तें शब्दांचें ओझें.

डे यांची रीत रूक्ष आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. आरंभींच आंकडे येतात : कोणत्या परांत कांटे किती, मऊ शलाका किती, अंगाच्या बाजूनें जाणाऱ्या पार्श्वरेषेवर खवलें किती. मग डोक्याची लांबी एकंदर लांबीचा कितवा हिस्सा, डोळा केवढा, दांत कसे; रंग जवळजवळ शेवटीं. रसिकाला हें उलटें वाटेल. परंतु रंग मासा मेला कीं उतरूं लागतो. कांट्यांची संख्या उतरत नाहीं. सुरमईचेंच उदाहरण घ्या. बाजारांत एकाच नांवानें विकल्या जाणाऱ्या माशांत निदान दोन जाती सहज सांपडतात. एकीच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे, दुसरीच्या अंगावर गोल ठिपके. पट्टे आणि ठिपके फिके पडले तरी पहिलीची पार्श्वरेषा पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखालीं एकदम खालीं वळते. दुसरीची हळूहळू उतरत जाते. हें एक वाक्य दहा उपमांना भारी आहे.

तथापि आंकड्यांची ही शिस्तसुद्धां चुकीपासून वांचवीत नाहीं. हलवा हा मासा डे यांनीं पापलेटाच्याच प्रजातींत घातला, आणि इंग्रजी भाषाहि त्याला ‘काळा पॉम्फ्रेट’च म्हणते. दोहोंचें अंग चपटें व उंच. वाढलेल्या हलव्याला पापलेटाप्रमाणेंच पोटाखालचे पर नसतात. या साम्यानें जुन्या शास्त्रज्ञांना चकविलें असावें. पण हलव्याच्या पिलांना ते पर असतात, पापलेटाला कोणत्याही वयांत नसतात. शिवाय हलव्याच्या शेपटीच्या देंठावर कांटेरी खवल्यांची ओळ असते. आजचें शास्त्र हलव्याला अगदीं वेगळ्या कुळांत ठेवतें. आमच्या कोळणीनें त्याला पापलेट कधींच म्हटलें नाहीं! जें ग्रंथाला साधलें नाहीं तें टोपलींतल्या भाषेला साधलें.

यावरून लोकभाषा नेहमींच शास्त्राच्या पुढें असते असें मात्र कोणी समजूं नये. खुद्द पापलेटाच्या बाबतींत ती मागें आहे, आणि शास्त्रहि पुष्कळ काळ मागेंच होतें. रुपेरी पापलेटाला युफ्रासेन यानें १७८८ सालीं एक नांव दिलें. क्युव्हिए यानें १८२९ मध्यें दुसरें. पुढें दोन्हीं नांवें एकाच जातीचीं मानण्यांत आलीं. २०१९ सालीं भारतीय संशोधकांनीं अंगलक्षणें व आनुवंशिक द्रव्य हीं दोन्हीं तपासून दाखविलें कीं, आपल्या समुद्रांतील पापलेट निराळी जात आहे आणि क्युव्हिएचें नांवच तिला शोभतें. अजून पुष्कळ ठिकाणीं जुनेंच नांव चालतें.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. २०२३ सालीं महाराष्ट्रानें रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. त्याच सालीं ५४ जातींच्या माशांसाठीं किमान लांबी ठरविण्यांत आली, तींत पापलेटाची १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पिलूं धरूं नये, हा हेतु. परंतु मासा किती वाढल्यावर अंडीं घालतो हें जातीजातींत निराळें असतें. एका जातीवरचें माप दुसरीला लावलें, तर नियम कागदावर राहील आणि पिलें जाळ्यांत जातील.

म्हणून डे यांच्या ग्रंथाविषयीं आमचें मत असें आहे कीं, त्याचे निर्णय कांहीं ठिकाणीं बदलले तरी त्याची रीत टिकाऊ आहे. मराठींत माशांचीं नांवें भरपूर आहेत. त्या नांवांमागचीं लक्षणें सांगणारें गद्य थोडें आहे. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनीं बंदरावर जाऊन, कोळणीचा शब्द आणि शास्त्राचें माप एकत्र ठेवून, असा एक ग्रंथ मराठींत लिहावा. त्यांत विशेषणें थोडीं असावीं, आणि प्रत्येक वाक्यानें एक मासा दुसऱ्यापासून वेगळा करावा.