जनुकसाक्ष्य आणि वंशनिर्णय

कुलवृत्तान्त सिद्ध करणाऱ्या मंडळींच्या हातीं अलीकडे एक नवें साधन आलें आहे. थोडीशी लाळ चांचणीसाठीं पाठविली, म्हणजे ज्यांच्याशीं आपला डीएनए अंशतः जुळतो अशा व्यक्तींची यादी मिळते व प्रत्येकीपुढें संभाव्य नातेंहि लिहिलेलें असतें. या साधनाचें मोल मोठें आहे. परंतु यादींतील नातें जसेंच्या तसें वंशावळींत उतरून घेण्याची जी प्रवृत्ति दिसते ती सदोष आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. न्यायशास्त्रांत लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांपैकीं अतिव्याप्ति व अव्याप्ति हे दोन येथें विशेष संभवतात.

अतिव्याप्तीचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील आहे. संयुक्त संस्थानांचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) यांच्या माँटिसेलो येथील घरीं सॅली हेमिंग्ज नांवाची गुलाम स्त्री होती. तिचीं मुलें जेफर्सनचींच, असा आरोप कॅलेंडर नांवाच्या पत्रकारानें १८०२ सालीं छापला. १८७३ सालीं तिचा पुत्र मॅडिसन यानें ओहायोंतील एका वृत्तपत्रांत तेंच सांगितलें. उलटपक्षीं जेफर्सनच्या नातवंडांनीं तें पितृत्व त्याच्या भाच्यांवर, म्हणजे कार बंधूंवर, ढकललें. बहुतेक इतिहासकारांनीं दीर्घकाळ दासीपुत्राच्या साक्षीपेक्षां धन्याच्या नातवंडांचा शब्द ग्राह्य धरला.

१९९८ सालीं डॉ. यूजीन फॉस्टर व त्यांचे सहकारी यांनीं वाय-गुणसूत्राची तपासणी केली. हें गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ अविकृत उतरतें. जेफर्सनचा औरस पुत्र जगला नव्हता. सबब त्याचा चुलता फील्ड याच्या पुरुषपरंपरेंतील पांच वंशजांचे नमुने घेण्यांत आले. सॅलीचा धाकटा पुत्र एस्टन (जन्म १८०८) याच्या वंशजाचें गुणसूत्र त्यांच्याशीं जुळलें. कारांच्या परंपरेशीं जुळलें नाहीं. आपला मूळपुरुष थॉमस वुडसन हाहि सॅलीला जेफर्सनपासून झालेला पुत्र, असें परंपरेनें मानणाऱ्या दुसऱ्या एका घराण्याचें गुणसूत्र मात्र जेफर्सनांशीं जुळलें नाहीं. 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या मथळ्यांत एस्टनचें पितृत्व जेफर्सनकडे निःसंदिग्धपणें दिलें होतें.

हा मथळा पुराव्याच्या पुढें गेला. जुळलें तें जेफर्सन घराण्याचें गुणसूत्र. थॉमसचा भाऊ रँडॉल्फ व त्याचे मुलगे हेहि त्याचे तितकेच धनी. लक्ष्य एक आणि लक्षण अनेकांस लागू, ही उघड अतिव्याप्ति होय. १९९९ च्या जानेवारींत हा आक्षेप पुढें येतांच मथळा दिशाभूल करणारा होता हें स्वतः फॉस्टर प्रभृतींनीं मान्य केलें.

मग घराण्यांतील नेमका पुरुष कसा निवडावयाचा? तें काम कागदांचें. जेफर्सन आपल्या शेतीच्या वहींत गुलामांचे जन्म टिपून ठेवी, आणि त्याच्या प्रवासाचा काळहि कागदांवरून ठरतो. दोन्ही ताडून पाहतां, सॅलीच्या नोंदलेल्या प्रत्येक अपत्याच्या गर्भधारणेच्या सुमारास तो माँटिसेलो येथें असल्याचें दिसतें. वयांत आलेलीं तिचीं चारहि मुलें दास्यांतून सुटलीं. या सर्वांवरून माँटिसेलोचा सांभाळ करणाऱ्या प्रतिष्ठानाच्या समितीनें २००० सालीं जेफर्सनच एस्टनचा बाप असण्याचा संभव फार मोठा असल्याचें ठरविलें. २००१ सालीं विद्वानांच्या दुसऱ्या मंडळानें बहुमतानें भिन्न मत दिलें. आमच्या मतें पहिल्या समितीचा निर्णय अधिक सयुक्तिक आहे. कारण तिनें गुणसूत्राकडून फक्त कार बंधूंचा निरास करून घेतला आणि जेफर्सनांतील निवड कागदांवर सोंपविली.

आतां अव्याप्ति. बाजारांत मिळणारी सामान्य चांचणी वाय-गुणसूत्राची नसून आईबाप या दोघांकडून येणाऱ्या गुणसूत्रांची असते. तींत सामाईक तुकड्यांचें मान सेंटिमॉर्गन या परिमाणांत देतात. सुमारें चतुर्थांश जुळणी आजोबा, काका व सावत्र भाऊ या तिघांसहि लागू पडते, म्हणजे अतिव्याप्ति येथेंहि आहेच. शिवाय पणजोबांचे आईबाप ज्यांचे समान आहेत अशा दूरच्या भावंडांच्या दर दहा जोड्यांत सुमारें एका जोडींत कांहींच जुळत नाहीं. नातें खरें, पण लक्षण नाहीं. म्हणून अशा चांचणींत नांव न दिसणें हा दूरच्या नात्याचा बाध होऊं शकत नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें नवीन वाटूं नये. दोन पोथ्यांत एकच अपपाठ आढळला, तर त्या बहुधा एका मातृकेवरून उतरल्या एवढेंच ठरतें. एक दुसरीची नक्कल आहे असें ठरत नाहीं. आणि लेखकानें दोन मातृका पुढें ठेवून पोथी लिहिली असेल, तर शाखा लावणें दुष्कर होतें. महाराष्ट्रांत अनेक जातींत मामाच्या मुलीशीं विवाह रूढ आहे. तेथें तोच पूर्वज दोन वाटांनीं येतो, सामाईक अंश वाढतो आणि नातें आहे त्याहून जवळचें भासतें. त्यांतच आमच्या बहुतेक वंशावळींत मुली गाळलेल्या असतात. त्यामुळें त्यांच्याकडून आलेली जुळणी कोठें बसवावी हें कळत नाहीं. मग वंशावळीवरून जुळणीचा अर्थ लावावयाचा आणि त्याच जुळणीनें वंशावळ सिद्ध झाली म्हणावयाचें, असा अन्योन्याश्रय घडतो.

सबब जुळणीची नोंद करतांना कोणाची, कोणत्या प्रकारची चांचणी झाली, किती अंश जुळला आणि दुसरीं कोणतीं नातीं संभवतात, हें सर्व लिहावें. वंशावळीचें नातें मात्र स्वतंत्र कागदानें सिद्ध करावें. कागद व गुणसूत्र यांचा विरोध आल्यास कोणाचेंहि नांव घाईनें खोडूं नये. दत्तकानें आलेला पुरुष रक्तानें परका असला, तरी धर्मशास्त्रानें व दप्तरानें तो त्याच कुळाचा असतो. त्याच्यापुढें 'दत्तक' एवढा शब्द लिहिला, म्हणजे दोन्ही साक्षी खऱ्या राहतात.