वू-शिंग, आकृती आणि औषधी : ताओवादी अंतःकिमयेच्या वाचनातील एक गफलत

इ. स. ६४७ मध्ये थांग सम्राट ताइझोंग याच्या आज्ञेवरून लाओझीच्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याचे काम ह्युएन त्संगकडे सोपविण्यात आले. हे भाषांतर कामरूपाच्या राजासाठी होते. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा प्रवासी म्हणून ह्युएन त्संग आपणांस परिचित आहे. भाषांतरकार म्हणून मात्र तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. या कामी त्याच्यासमवेत बसलेल्या ताओवादी पंडितांनी ‘ताओ’ या शब्दासाठी ‘बोधी’ हा बौद्ध प्रतिशब्द सुचविला. ह्युएन त्संगने तो नाकारला आणि ‘मार्ग’ या शब्दाचा आग्रह धरला. दोन परंपरांतील शब्द जवळचे वाटतात, एवढ्यावरून ते एकमेकांच्या जागी बसविता येत नाहीत, हे त्याने ओळखले होते.

हा विवेक अलीकडच्या लेखनात दिसत नाही. ताओवादी ऊर्जासाधनेविषयी गेल्या काही दशकांत जगभर जी पुस्तके प्रसिद्ध झाली आणि ज्यांच्या आधारे आपल्याकडेही लेखन होते, त्यांत ‘पंचतत्त्वे’, ‘पवित्र भूमिती’ आणि ‘वनौषधी’ अशी तीन स्वतंत्र दालने मांडलेली असतात. साधकाने तत्त्वांचा समतोल राखावा, आकृतीवर ध्यान करावे आणि औषधी सेवन करावी, असा त्यांचा क्रम असतो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, अंतःकिमयेच्या (नेइदानच्या) मूळ ग्रंथांत ही तिन्ही एकाच व्यापाराची, म्हणजे कालाच्या गतीची, भाषा आहेत. त्यांना वस्तू मानले की ग्रंथाचा अर्थ उलटा होतो.

प्रथम ‘वू-शिंग’ या संज्ञेचा विचार करू. ‘वू’ म्हणजे पाच आणि ‘शिंग’ म्हणजे चालणे, वागणे, घडणे. ‘शूजिंग’ या प्राचीन संग्रहातील ‘होंगफान’ प्रकरणात जल, अग्नी, काष्ठ, धातू आणि मृत्तिका यांची गणना येते. परंतु हे पदार्थ कशाचे बनले आहेत, हे तेथे सांगितलेले नाही. ते काय करतात, हे सांगितले आहे. जल भिजविते व खाली जाते, अग्नी भडकतो व वर जातो, काष्ठ वाकते व सरळ होते, धातू साच्याप्रमाणे आकार बदलतो, मृत्तिकेत पेरणी व कापणी होते. म्हणजे येथे प्रत्येक नाम वस्तुतः एक क्रियापद आहे. काष्ठातून अग्नी, अग्नीतून मृत्तिका, मृत्तिकेतून धातू, धातूतून जल आणि जलातून पुन्हा काष्ठ हे जननचक्रही ऋतुचक्राच्या अंगाने जाणारे आहे.

या ‘शिंग’ला आपण ‘महाभूत’ म्हणतो, तेव्हा इतिहासाकडेही दुर्लक्ष करतो. बौद्ध ग्रंथांतील महाभूते चीनमध्ये पोहोचली, तेव्हा तेथील भाषांतरकारांसमोर वू-शिंग ही तयार संज्ञा होती. त्यांनी ती वापरली नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू यांना त्यांनी ‘चार महान’ असे स्वतंत्र नाव दिले. आणि ‘शिंग’ हे अक्षर त्यांनी कशासाठी योजिले, तर ‘संस्कार’ आणि ‘चर्या’ या संस्कृत शब्दांसाठी! यावरून त्या अक्षराचा कल त्यांना कोणत्या दिशेने जाणवत होता, हे स्पष्ट होते. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ याच्या ग्रंथात चार महाभूतांपासून उद्भवणाऱ्या ४०४ व्याधींचा भारतीय सिद्धान्त येतो, तोही वू-शिंगच्या शेजारी, वेगळा राहून. जे तेराशे वर्षांपूर्वी वेगळे ठेवले गेले, ते आपण आज विनासायास एक करतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आपल्याकडेही भूते गतिमान आहेत. भूतशुद्धीत ती उलट क्रमाने लय पावतात आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनी पृथ्वी व आप या दोन्ही भूतांचा ग्रास करते. अंतःकिमयेतही उलटा क्रम आहेच. झांग बोदुआनच्या ‘वूझेनप्येन’ या काव्यग्रंथात, ज्याची प्रस्तावना १०७५ मधील आहे, अग्नीतून काष्ठ आणि जलातून धातू निघतो असे वर्णन येते; म्हणजे जननचक्र तेथे मागे फिरते. हे साम्य खरे आहे व ते मोहात पाडणारे आहे. तथापि भूतलयात एक शिडी आहे. पृथ्वी स्थूल, आकाश सूक्ष्म, आणि साधक स्थूलाकडून सूक्ष्माकडे चढतो. वू-शिंगमध्ये अशी शिडी नाही. तेथे वर्तुळ आहे. कोणतीही गती दुसरीहून सूक्ष्म नाही. म्हणून तेथील परावर्तन म्हणजे चढणे नव्हे, तर आरंभापाशी परतणे होय. या भेदाकडे दुर्लक्ष झाले, तर झांग बोदुआनचा साधक आपल्याला एखाद्या हठयोग्यासारखा दिसू लागतो.

‘पवित्र भूमिती’ हा शब्दप्रयोग तर मुळातच परका आहे. त्याच्यामागे प्लेटोचा ‘टिमेयस’ उभा आहे. तेथे अग्नीला चतुष्फलक, पृथ्वीला घन, वायूला अष्टफलक आणि जलाला वीस पृष्ठांचा घनाकार दिलेला आहे; आकृती हा द्रव्याच्या सूक्ष्मतम कणाचा आकार आहे. लुओशूचा चौरस पाहिला, तर त्यात कशाचाच आकार नाही. वरच्या ओळीत ४, ९, २. मधल्या ओळीत ३, ५, ७. खालच्या ओळीत ८, १, ६. आडवी, उभी, तिरपी कोणतीही बेरीज १५. विषम अंक चार मुख्य दिशांना आणि मध्यभागी, सम अंक कोपऱ्यांत. ही संख्यांची वाटणी आहे, आणि ताओवादी पुरोहित विधीमध्ये अशी मांडणी पावलांनी चालून पार करतात. पाहण्यापेक्षा चालण्यासाठी असलेल्या या आकृतीला भूमिती म्हणावे काय, हा प्रश्नच आहे.

वेई बोयांगच्या नावावर असलेल्या ‘चानथोंगछी’ या ग्रंथात तर त्रिरेखा-आकृती सरळ दिनदर्शिका होतात. महिन्याच्या तिसऱ्या दिवशी दिसणारी चंद्रकोर ‘झेन’, आठव्या दिवशीचा अर्धचंद्र ‘दुई’, पौर्णिमा ‘छ्येन’; पुढे सोळाव्या दिवसापासून क्षय सुरू होऊन तिसाव्या दिवशी ‘खुन’. चौसष्ट षड्रेखांपैकी चार बाजूला ठेवल्या की साठ उरतात. रोज दोन याप्रमाणे त्या एका महिन्याला पुरतात. ही भट्टीच्या आचेची वेळ आहे, कधी वाढवावी आणि कधी उतरवावी याची. अंतःकिमयेत भट्टी देहात गेली, तरी वेळापत्रक तेच राहिले. तिची मध्यवर्ती कृतीही आकृतीतच सांगितली जाते : जलदर्शक ‘खान’च्या मधली अखंड रेषा काढून अग्निदर्शक ‘ली’च्या मधल्या खंडित रेषेच्या जागी ठेवावयाची, म्हणजे ‘ली’चे ‘छ्येन’ होते, शुद्ध यांग परत मिळतो. एका रेषेची ही अदलाबदल म्हणजे अख्ख्या साधनेचे व्याकरण आहे, आणि माझ्या मते या परंपरेचे सर्वांत सुंदर अंगही.

आता औषधींकडे वळू. ताओवादी परंपरेत प्रत्यक्ष वनस्पतींना स्थान होते, याविषयी वाद नाही. धान्यत्यागाच्या व्रतात ‘ह्वांगजिंग’चे कंद, पाइनच्या मुळांवर वाढणारी ‘फूलिंग’ ही बुरशी, आपल्या शतावरीच्याच प्रजातीतील ‘तियेनमेनदोंग’ इत्यादींचे सेवन होत असे. (ह्वांगजिंग ज्या प्रजातीतील आहे, तिच्यातीलच वनस्पती आयुर्वेदाच्या अष्टवर्गातील मेदा-महामेदा म्हणून ओळखल्या जातात, या दिशेने तौलनिक अभ्यास व्हावयास हवा.) तथापि गे होंगने (२८३–३४३) ‘बाओपुझी’मध्येच वनौषधींना खालचे स्थान दिले : त्यांनी आयुष्य लांबते, अमरत्वासाठी मात्र हिंगूळ आणि सुवर्ण. या विश्वासाची किंमत मोठी होती. थांग घराण्यातील मुझोंग (८२४), वूझोंग (८४६) आणि श्वानझोंग (८५९) यांचे मृत्यू पारंपरिक इतिहासकार अशा रसायनांशी जोडतात.

अंतःकिमया या पार्श्वभूमीवर रुजली, आणि तिने औषधिशास्त्राची परिभाषा तशीच उचलली. ‘शेननोंग बेनचाओजिंग’ या ग्रंथात ३६५ द्रव्ये उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा तीन वर्गांत विभागली आहेत. याच वर्गीकरणाचा आधार घेऊन ताओवादी ग्रंथ सांगू लागले की, खरी उत्तम औषधी तीन : जिंग (सत्त्व), छी (प्राण) आणि शेन (चैतन्य). ‘याओ’ हा औषधवाचक शब्द तोच. बाटली मात्र रिकामी झाली. झांग बोदुआन तर हरताळ, मनशीळ, गंधक यांसारखी खनिजे भाजणाऱ्यांना थांबवतो आणि वनस्पती शोधीत हिंडणे त्याहूनही व्यर्थ ठरवितो. अशा ग्रंथाच्या आधारे ‘ऊर्जासाधनेसाठी उपयुक्त औषधी’ची यादी देणे म्हणजे त्याच्या विधानाच्या नेमके विरुद्ध जाणे होय.

शब्द घेतला आणि वस्तू तपासली नाही, तर काय घडते, याचे एक उदाहरण ताओवादाबाहेरचे असले तरी येथे विसरता येत नाही. १९९० नंतरच्या काळात ब्रुसेल्समधील एका केंद्रात वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची चूर्णे दिली गेली. त्यांत ‘फांगजी’ हवी होती. या नावाखाली चीनमध्ये त्या काळी दोन भिन्न वनस्पती विकल्या जात : एक गुळवेलीच्या कुळातील, दुसरी ईश्वरीच्या (सापसंदाच्या) प्रजातीतील. दुसरीत मूत्रपिंडाला घातक असे आम्ल असते, आणि चूर्णात तीच गेली. शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. प्रमादाचे मूळ एका सामायिक नावात होते.

‘वूझेनप्येन’ची रचना पाहता झांग बोदुआनला आकृतींचे वावडे होते, असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या मुख्य भागातील सोळा पद्ये दोन अष्टकांची, चौसष्ट पद्ये षड्रेखांच्या संख्येची, आणि उरलेले एक पद्य एकत्वाचे. पूर्वेचे तीन व दक्षिणेचे दोन मिळून पाच, उत्तरेचा एक व पश्चिमेचे चार मिळून पाच, मध्याचे स्वतःचे पाच. हे तीन पंचक एकत्र आले की कार्य सिद्ध झाले, असे तो अंकांतच बोलतो. आणि याच चौसष्ट पद्यांपैकी एकात तो आकृतीला कवटाळून बसणाऱ्यांची, षड्रेखांची छी फिरवून आकाशात उडण्याची आशा धरणाऱ्यांची, थट्टा करतो. मराठीत या ग्रंथाचे भाषांतर व्हावयाचे असेल, तर ‘याओ’साठी ‘औषध’ आणि ‘शिंग’साठी ‘तत्त्व’ लिहिण्यापूर्वी भाषांतरकाराला हे पद्य प्रथम वाचावे लागेल.