कोष्टकांतील दुरुस्ती आणि हरताळ

पोथ्यांच्या व दप्तरांच्या याद्या आतां संगणकावर कोष्टकरूपानें करतां येतात. आम्हीं आपल्या संग्रहाची यादी मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्सेस' या साधनांत केली. त्याची पहिली आवृत्ति १९९२ सालची. संशोधकाच्या दृष्टीनें त्यांतील कोष्टकाचें परीक्षण येथें कर्तव्य आहे.

गुण आधीं सांगतों. शेंकडों नोंदींतून एका ग्रंथकाराच्या पोथ्या निवडणें किंवा नोंदी शकानुक्रमानें लावणें क्षणांत होतें. त्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो निराळाच. जें कोष्टक वाचावयाचें, तेंच वाचतां वाचतां बदलतांही येतें. घरांत अक्षर पडतांच ओळीच्या डाव्या कडेस पेन्सिलीची खूण उमटते. दुसऱ्या ओळीवर गेलें कीं खूण मावळते व बदल कायम होतो. ओळ सोडण्यापूर्वीं 'एस्केप' कळीनें तो रद्द करतां येतो. पुढें दुसरी नोंद बदलूं लागल्यावर परतीची वाट उरत नाहीं.

पोथी लिहिणारा चुकला तर हरताळ लावून वर शुद्ध पाठ लिहीत असे. तो पिवळा डाग आजही साक्ष देतो. कोष्टकांत डागच उरत नाहीं. यादी चाळतांना आमच्याच हातून एका पत्राच्या शकाचा अंक बदलला गेला. मूळ कागद जवळ होता म्हणून चूक सांपडली. तो नष्ट झाला असता तर आमचा प्रमाद हाच पुढें पुरावा ठरता!

तारखेच्या रकान्याचा दोष याहून सूक्ष्म आहे. श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ ही जुन्या, म्हणजे जूलियन, गणनेची असून त्या गणनेनें त्या दिवशीं शनिवार येतो. हें साधन सर्व तारखा ग्रेगोरियन समजतें. म्हणून त्यास वार विचारल्यास तें बुधवार सांगतें. ग्रेगोरियन गणनेनें तो दिवस १६ जून होय. शके १५९६ मधील १५९६ हाच आंकडा तारखेंत सन म्हणून घातला, तर तें मुकाट्यानें स्वीकारतें आणि ७८ वर्षांची चूक यादींत शिरते.

उपाय अवघड नाहींत. शक, मास, तिथि हीं कागदांत असतील तशींच साध्या अक्षरांच्या रकान्यांत लिहावीं. रूपांतरित तारीख वेगळी ठेवावी. मूळ पाठ व शोधित पाठ यांस दोन रकाने असावेत, आणि दुरुस्ती कोणीं व केव्हां केली याची नोंद असावी. दीर्घ मजकुराच्या रकान्यास २००७ च्या आवृत्तीपासून 'अपेंड ओन्ली' हा गुण देतां येतो. त्यायोगें मागील पाठ कालनिर्देशासह राहतात. केवळ पाहणाऱ्यानें फाइल वाचनापुरतीच उघडावी.

साधन त्याज्य नाहीं. परंतु हरताळाचें काम तें आपण होऊन करीत नाहीं. तें यादी करणारानेंच केलें पाहिजे.